पाचव्या टेकडीवरचा चुना

माझा हात लवकर उठतो. फलटणच्या आमच्या घरात हा कुणाला दोष वाटला नाही, कारण तिथं सगळ्यांचेच हात लवकर उठत. आई भाकऱ्या करता करता जागेवरून न हलता उलथनं भिरकावायची आणि चार पोरांतून ज्यानं आगळीक केली असेल नेमकं त्यालाच ते लागायचं. वडील शाळेत खेळाचे मास्तर. ते शाळेत छडी वापरत आणि घरात पंजा, आणि मारून झालं की स्वतःच खोबरेल घेऊन वळ चोळत बसत. आमच्याकडं माया कमी होती असं नाही, पण माया आणि मार एकाच दारानं घरात यायचे. माझ्या दंडातला जोर वडिलांनीच हेरला. एका संध्याकाळी मी धाकट्या भावाचं डोकं उंबऱ्यावर आपटलं, तेव्हा त्यांनी मला मारलं नाही. शाळेच्या मैदानावर नेलं, लोखंडी गोळा मानेशी धरायला लावला आणि म्हणाले, "मंदे, राग आला की हा फेकायचा. माणसाला हात लावायचा नाही." पुढं जिल्ह्यात गोळाफेकीत मी दोनदा पहिली आले. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीला गेले तेव्हा पदकं फलटणलाच राहिली, राग तेवढा बरोबर आला.

दिल्लीतल्या मुनिरक्यात शुभांगी आणि मी एका खोलीत राहायचो. शुभांगी गोंदियाची, बारीक आवाजाची, दर गुरुवारी उपास करणारी. खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि समोरचं घर इतकं जवळ की खिडकीतून हात काढला तर पलीकडच्यांचा टूथब्रश उचलता आला असता. ऊन असं त्या खोलीनं कधी पाहिलंच नाही. पहाटे पाचला खालची मोटर घरघरायला लागायची आणि तिच्या पाठोपाठ घरमालकीण, "टंकी भर गई, बंद करो, मर गए क्या सब!" ही बाई आपल्या तिशीतल्या मुलाला भर गल्लीत चपलेनं हाणायची आणि मग त्यालाच जिलबी आणायला पाठवायची. भिंतीपलीकडं एक नवरा-बायको होते. आठवड्यातून दोनदा तरी त्या भिंतीतून थपडांचे आवाज यायचे, मग भांडं पडायचं, मग टीव्ही मोठा व्हायचा. शुभांगी उशी कानावर दाबून घ्यायची. एकदा मी जाऊन त्यांचं दार वाजवलं, नवऱ्यानं दार उघडलं, मी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली आणि परत येऊन राज्यघटनेची कलमं पाठ करायला बसले. पंधरा दिवस तिकडं शांतता होती. सोळाव्या दिवशी बायकोचा ओरडा आधीपेक्षा मोठा आला, तेव्हा माझ्या थपडेची भरपाई कुणी केली ते मला कळलं. एका बादली पाण्यावरून मी शुभांगीलाही मारलं आहे. ती रडली नाही. "तुझं पिठलं झाकून ठेवलंय, गार होईल," एवढंच म्हणाली. ते आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

पिठलं आम्ही चोरून शिजवायचो, कारण खोलीत हीटर लावायला बंदी होती. फलटणहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ज्वारीचं पीठ यायचं आणि भाकरीच्या वासावर वरच्या मजल्यावरून नासिर खाली यायचा. नासिर परभणीचा, शिंप्याचा मुलगा. भिंगासारखा जाड चष्मा, बोलणं कमी, आणि अक्षर असं की बघत राहावं. तीन तास न थांबता तो लिहायचा तरी शेवटच्या पानावरचं अक्षर पहिल्या पानासारखंच. त्याच्या उत्तरांच्या झेरॉक्स मुनिरक्यातल्या सगळ्या मराठी खोल्यांतून फिरायच्या. शुभांगी त्या झेरॉक्सला नमस्कार करून मग वाचायला घ्यायची, म्हणून आम्ही तिला फार छळायचो. नासिरचा तो शेवटचा अटेम्प्ट होता. पूर्व परीक्षा तो आणि मी दोघंही पास झालो होतो, मुख्य परीक्षा महिन्यावर आली होती.

आणि आमच्या सगळ्यांच्या माथी एक काम होतं, रक्ताचं. दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात गावाकडून पेशंट यायचे. नांदेडचा कुणी, धुळ्याचं कुणी, बरोबर भांबावलेला एखादा भाऊ. ऑपरेशनच्या आधी रक्त द्यायला माणसं आणा म्हणून सांगितलं की हा भाऊ कुणाकडून तरी नंबर मिळवून नासिरला फोन करायचा. "आपला पेशंट आहे, दोन माणसं पाहिजेत," असं नासिर जिन्यात उभा राहून ओरडला की ज्याची पाळी असेल त्यानं पुस्तक पालथं घालायचं आणि बस पकडायची. कुणी कुणाची जात विचारली नाही, गाव मात्र सगळे विचारायचे. पण पेशंट वाढत गेले आणि देणारे तेच ते. तेव्हा आमच्यातल्या विकासनं पायी चालायची ती मोहीम काढली. विकास जुन्नरचा, लहानपणापासून गडकिल्ले चढलेला. दिल्लीत त्याचे पाय सपाटीनं आंबून गेले होते. मुनिरक्यातून निघायचं, अरवलीच्या टेकड्या चढत-उतरत दोन दिवसांत फरीदाबादला पोचायचं, आणि आम्ही चढू त्या प्रत्येक टेकडीमागे ओळखीतल्या मराठी लोकांनी, ऑफिसवाल्यांनी, गणपती मंडळवाल्यांनी दहा-दहा रक्तदाते द्यायचे. सात टेकड्या ठरल्या. परीक्षा तोंडावर आहे असं मी म्हणाले तेव्हा विकास हसला, "यार मंदा, दोन दिवसांनी कुणाची कलेक्टरकी जात नाही."

विकास, नासिर, शुभांगी आणि मी असे चौघं पुढं आणि पंधरा-वीस जण तासाभरानं मागं, अशी रचना होती. मागच्यांना वाट कळावी म्हणून विकासनं गडावरची आपली पद्धत आणली होती. चुन्याचा डबा आणि काथ्याचा कुंचला. दिसेल अशा दगडावर पांढरा बाण काढायचा, माथ्यावर टेकडीचा आकडा घालायचा. सह्याद्रीत असे बाण पाहून कुणीही निवांत होतो, इथून माणसं गेली आहेत एवढाच त्याचा अर्थ. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. चार सुशिक्षित डोकी, भूगोल कोळून प्यालेली, पण त्या डोंगरात राहणाऱ्या माणसांचा कणभरही कुणी विचार केला नव्हता.

पहिल्या दिवशीच्या टेकड्या हसतखेळत झाल्या. दसरा होऊन गेला होता, सकाळी हवा गार असायची आणि दहानंतर दगड तापायचे. दुरून अरवली म्हणजे काय, ढेकळं, असं विकास म्हणाला होता. जवळ गेल्यावर ढेकळांनी चांगलंच पाणी पाजलं. माती नाहीच, नुसते कडा असलेले दगड, पाय ठेवला की घरंगळणारे, आणि धरायला काटेरी कीकर, तिकडची बाभूळ. "पाय आडवा टाका, वर बघू नका, पुढच्याची टाच बघा," असं विकास ओरडत राहायचा. मी शुभांगीला मागून ढकलायची. नासिर दर वीस पावलांनी चष्मा पुसायचा. माथ्यावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि मी नासिरच्या वाटणीची चटणी पळवली म्हणून त्यानं परभणीच्या भाषेत माझा उद्धार केला. खाली जुन्या खाणींचे खड्डे होते, त्यांत हिरवंनिळं पाणी साचलेलं. मोर ओरडत होते. मी आयुष्यात इतकी खूश फार थोड्या वेळा झाले आहे, हे इथं लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर ते कुणाला खरं वाटणार नाही.

पाचवी टेकडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सगळ्यांत उभी तीच. खाणवाल्यांनी तिची एक बाजू कापून नेलेली, म्हणून कापलेल्या कडेच्या शेजारून हातापायांवर चढावं लागलं. शुभांगीचा गुडघा फुटला. माझ्या तळहातात काटा मोडला. वर पोचलो तर माथ्यावर गुरांचा वाडा होता, छातीभर उंचीची दगडी भिंत, आणि पलीकडच्या उतारावर दहा-बारा घरं. विकासला आकडा घालायला भिंतीइतकी चांगली जागा कुठं मिळणार? त्यानं त्या भिंतीवर हातभर मोठा पाच काढला आणि त्याच्याखाली बाण, घरांच्या दिशेनं, कारण उतरायची वाट तिकडूनच होती. मग दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून, आपला आकडा कसा दिसतोय ते बघत तो उभा राहिला.

मला पुढं कळलं ते आधी सांगते. चार महिन्यांपूर्वी त्या वस्तीत मोजणीची माणसं आली होती. त्यांनी दगडांवर आणि भिंतींवर चुन्याच्या खुणा केल्या होत्या, आणि खुणा वाळेपर्यंत यंत्रं येऊन सात घरं पाडून गेली होती. एका बाळंतिणीला खाटेसकट बाहेर काढलं होतं. राहिलेल्या घरांतली माणसं तेव्हापासून आळीपाळीनं डोंगरावर राखण करत होती. त्यांनी आमचे बाण पहिल्या टेकडीपासून बघितले होते.

भिंतीआडून सात-आठ जण उठले. सगळ्यांच्या हातात काठ्या. सगळ्यांत पुढं सतबीर नावाचा पोरगेला माणूस, आमच्याच वयाचा. "किसने भेजा है?" एवढंच त्यानं विचारलं. विकासनं हसून, आपल्या जुन्नरी हिंदीत, "भाईसाब, हम लोग तो चलने के लिए आया है," असं काहीतरी सुरू केलं, तेवढ्यात पहिली काठी त्याच्या पोटरीवर बसली. तो खाली गेला तो उठलाच नाही. दोघं-तिघं त्याला लाथांनी तुडवायला लागले. चुन्याचा डबा कुणीतरी त्याच्या डोक्यावर पालथा केला. शुभांगी भिंतीशी बसून डोळे झाकून देवाचं नाव घेत होती. माझे केस मागून कुणीतरी धरले. मी कोपर मारलं, त्याचं नाक फुटलेलं मला कोपराला कळलं, आणि मला बरं वाटलं. हे खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांनी मला कायदेशीर परवानगी मिळाली होती मारायची. मी एकाच्या हाताला चावले. एकाला गुडघा घातला. तोंडात रक्ताची चव होती आणि ते माझं की दुसऱ्याचं हे कळत नव्हतं. मग सतबीरनं माझ्या डोक्यावर काठी उगारली. मला ती दिसली नाही, नासिरला दिसली. तो मध्ये आला आणि त्यानं उजवा हात वर केला. ऊस मोडताना होतो तसा आवाज झाला. त्याचा हात मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकला आणि तो ओरडलासुद्धा नाही, नुसता गुडघ्यांवर बसला. चष्मा कुठंतरी उडून गेला होता आणि तो आंधळ्यासारखा माझ्याकडं बघत होता.

तेव्हा घरांकडून एक म्हातारा धावत आला. उघडा, धोतर खोचलेलं, उंच. सगळे त्याला रामफल ताऊ म्हणत होते. "बस करो रे! जान से मारोगे के? पढ़ने वाले बालक हैं ये, दिखता नहीं?" असं ओरडत तो सरळ त्या मारामारीत शिरला. सतबीर त्याचाच पुतण्या. त्याची एक काठी म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसली, तरी म्हातारा हलला नाही. त्यानं पुतण्याच्या मुस्काटात दिली आणि काठी काढून लांब फेकली. मग एकदम सगळं थांबलं. माणसं धापा टाकत मागं सरली. माझ्या कोपराचा मार खाल्लेला नाक धरून बसला. एकानं कमरेची पाण्याची बाटली सोडून विकासपुढं धरली. मारामारी संपली होती. हे मला तेव्हा कळलं होतं. ते कळलं नव्हतं असं मी पुढं सगळ्यांना भासू दिलं, पण कळलं होतं.

पण नासिरचा तो हात माझ्यासमोर होता. ते तीन तास न थकणारं मनगट. माझ्या पायाशी गोळ्याएवढा एक दगड होता, आणि दहा पावलांवर म्हातारा माझ्याकडं पाठ करून खाली वाकला होता. कशाला वाकला? टाकलेली काठी उचलायला वाकला, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले. तो सतबीर नव्हता हेही मला दिसत होतं. त्या क्षणी मला कोण हे नको होतं, कुणीतरी हवं होतं. मी दगड मानेशी धरला, वडिलांनी शिकवलं तसा पाय टाकला, आणि फेकला. अंगातला सगळा जोर एका जागी येऊन सुटतो तेव्हा जे सुख होतं ते मला झालं. दगड त्याच्या कानामागं लागला. आवाज मोठा नव्हता. तो तोंडावर पडला आणि त्याचे पाय थोडा वेळ दगडांवर घासत राहिले.

त्यानंतर कुणी कुणाला मारलं नाही. मला कुणी बोललंही नाही. सतबीर "ताऊ, ताऊ" करत लहान मुलासारखा रडायला लागला. विकास उठला, केसांतून चुना गळत होता, एक डोळा मिटलेला. पण डोंगरात पडलेल्या माणसाला कसं न्यायचं हे तिथं त्यालाच ठाऊक होतं. त्यानं दोन काठ्या मागितल्या. घरांतून अंथरायचा एक जाड खेस आला, तो त्या काठ्यांना बांधून झोळी केली. ज्या काठ्या आमच्या अंगावर बसल्या त्याच. गाडीरस्ता त्या कापलेल्या कडेच्या खाली होता, म्हणजे ज्या उभ्या वाटेनं आम्ही वर आलो तीच उतरायची. झोळीच्या पुढच्या बाजूला विकास आणि मी, मागच्या बाजूला सतबीर आणि दुसरा एक. "पाय आडवा टाका, पुढच्याची टाच बघा," विकास ओरडत होता, फक्त आता हिंदीत. दगड घरंगळायचे, झोळी हिसकायची, म्हाताऱ्याच्या कानातून येणारं रक्त खेसातून माझ्या मनगटावर पडायचं. मला पुढच्याची टाच नव्हती, मीच पुढं होते. मी मोठ्यानं, मराठीत, तो मरू नये म्हणून काय काय बोलत होते. माझी परीक्षा जाऊ दे, मला वेड लागू दे, हा मरू नये. शुभांगी नासिरचा हात आपल्या ओढणीत बांधून मागून येत होती. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ती एकदाही कण्हली नाही. मागच्या मंडळींना विकासनं फोन करून माघारी धाडलं.

खाली एक दगडांचा ट्रक मिळाला. फरीदाबादच्या इस्पितळात डॉक्टरांनी कवटी उघडावी लागेल म्हणून सांगितलं आणि म्हणाले, रक्त द्यायला माणसं आणा. आम्ही एकमेकांकडं बघितलं. विकास आणि सतबीर शेजारशेजारच्या खाटांवर आडवे झाले, एकाचा डोळा काळानिळा, दुसऱ्याच्या गालावर काकाच्या बोटांचे वळ. शुभांगीनं दिलं. मी बाही वर करून बसले, तर तपासणाऱ्या बाईनं माझ्या बोटातून थेंब घेतला आणि मान हलवली. माझ्याच अंगात रक्त कमी होतं, मला देता येणार नाही. महिनोन् महिने पोहे आणि चहावर काढलेले. मी तिच्याशी भांडले, मी जिल्ह्यात गोळाफेकीत पहिली आलेय म्हणून ओरडले. ती म्हणाली, "बेटी, गुड़-चना खाया करो." बाकावर नासिर बसला होता, हात प्लास्टरमध्ये. चष्मा त्याच्या नाकावर होता, एक काच तडकलेली. तो कुठून मिळाला हे मी विचारलं नाही.

पोलीस चौकीवरून माणूस आला तोवर गोष्ट तयार झाली होती. वस्तीतला एक वयस्कर माणूस आमच्याशी बोलला. दोन्हीकडं लागलं आहे, तुमच्या पोराचा हात आमच्याकडून, आमचा म्हातारा तुमच्याकडून; तक्रार झाली तर आमची आठ पोरं आत जातील आणि तुमची ही मुलगी. तेव्हा सगळे जण डोंगरावरून घसरले. म्हातारा घसरला, त्याला धरायला गेलेला नासिर घसरला, विकासही घसरला. विकासला हे पटलं. शुभांगी म्हणाली, मंदानं नासिरला वाचवायला दगड मारला, तिचा काय दोष? मी तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी नासिरकडं बघितलं, कारण खरी तक्रार त्याचीच होती. त्याचा हात, त्याचा शेवटचा अटेम्प्ट. त्यानं डाव्या हातानं चष्मा नाकावर सारला. मग म्हणाला, "घसरलो. दगड फार सैल होते."

महिन्यानं मी मुख्य परीक्षा लिहिली. नासिरनं डाव्या हातानं सराव केला, पण तासाला दोन पानं व्हायची. लेखनिक मागायची मुदत निघून गेली होती. तरी तो पहिल्या पेपरला जाऊन बसला आणि अर्ध्या तासात उठून आला. त्या संध्याकाळी त्यानं आपल्या सगळ्या वह्या शुभांगीला दिल्या आणि पुढच्या आठवड्यात परभणीला गेला. मनगट वाकडंच जुळलं. आज तो तिथं मुलांना शिकवतो. मी त्या वर्षी निवडले गेले. नोकरीतली माझी बरीच वर्षं दिल्लीत गेली आणि घर फरीदाबादला घेतलं. गच्चीवरून त्या टेकड्या दिसतात. घर घेताना मी गच्चीवर गेले नव्हते.

रामफल ताऊ वाचला. एक कान गेला आणि त्या दिवसाची आठवण गेली. मी त्याला दोनदा भेटायला गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा नोकरीची गाडी होती, आणि सगळं कबूल करायचं ठरवून गेले होते. त्यानं मला खाटेवर बसवलं, सुनेला ताक आणायला सांगितलं आणि स्वतःच गोष्ट सुरू केली. "मैं तो फिसल गया था, बेटी. तुम बच्चों ने मुझे कंधे पे उतारा. बहुत पुन्न किया." त्याला ती गोष्ट तोंडपाठ झाली होती, जागोजागी हसायच्या जागासुद्धा होत्या. सतबीर दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता. मी ताक प्यायले आणि परत आले. चार वर्षांनी म्हातारा तापानं गेला.

या महिन्यात नासिर दिल्लीला आला. त्याची मुलगी सना आता मुनिरक्यात राहते, आमच्या जुन्या गल्लीच्या दोन गल्ल्या पलीकडं, त्याच परीक्षेसाठी. रविवारी भाकरी खायला ती माझ्याकडं येते, या रविवारी तिच्याबरोबर नासिरही आला. मी हे प्रकरण लिहून ठेवलं होतं. म्हटलं, दुसरं कुणी वाचायच्या आत यानं वाचावं. दगड मारामारी संपल्यावर फेकला, हे मी कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. त्याला समोर बसून सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून कागद पुढं केले आणि मी ओट्याशी उभी राहून पीठ मळत राहिले. मागं पानं उलटल्याचा आवाज येत होता. तो वाचायला फार वेळ लावतो.

"चांगलं लिहिलंस," तो शेवटी म्हणाला. "पण एक चूक आहे."

"काय?"

"ताऊ काठी उचलायला वाकला नव्हता. काठी त्यानं स्वतःच लांब फेकली होती, ती तिथं कशी असेल? माझा चष्मा पडला होता. तो उचलायला वाकला." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "इस्पितळात त्याची मूठ उघडेना. नर्सनं एकेक बोट सोडवलं. आत चष्मा होता. माझ्या हातात देऊन म्हणाली, किसका है ये?"

माझे हात पिठात तसेच राहिले. "म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो की."

"चौकीवाला यायच्या आधी?"

"आधी."

"मग तू बोलला का नाहीस, नासिर? तुझी तक्रार होती. तुझा हात..."

"एक हात गेलाच होता, मंदे. दोन कशाला घालवायचे?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सना बाहेरच्या खोलीत मोठ्यानं राज्यघटनेची कलमं पाठ करत होती. नासिरनं माझ्याकडून पेन मागून घेतलं, ते पान शोधलं, आणि कागद वाकड्या मनगटानं दाबून धरून 'काठी' हा शब्द खोडला. त्याच्यावर डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, त्यानं 'चष्मा' लिहिलं. पहिलीतल्या मुलाचं असावं तसं अक्षर होतं.